हिला झेपणार नाही

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर हॉटेलच्या अंगणात सकाळी सहाला आमच्या टूर लीडरने टाळी वाजवली. सहा म्हणजे तिकडे चांगलं लख्ख ऊन. "काका-काकू, आज एलिफंट बीच. जायचे रस्ते दोन. जेटीवरून बोटीने गेलं तर पंधरा-वीस मिनिटं. जंगलातून चालत गेलं तर अर्धा-पाऊण तास, शेवटी थोडा चिखल. ज्यांना चालणं झेपणार नाही त्यांनी हात वर करा." पोरगा पंचविशीतला, बोलण्यात वाईट हेतू काही नाही. आम्ही बावीस जण, निम्मे कोथरूडचे, उरलेले सहकारनगर-सिंहगड रोडचे. बहुतेक सगळे निवृत्त. तीन-चार हात लगेच वर गेले. मी हात वर केला नाही. मी म्हणालो, "हिला झेपणार नाही. मी हिच्याबरोबर बोटीने येतो."

ही शेजारीच उभी होती, टोपीचा बंद हनुवटीखाली बांधत. तो नीट बांधून झाला, मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि टूर लीडरला सांगितलं, "दोघांना बोटीत लिहा."

गुडघा माझा गेलाय. तिचे दोन्ही ठणठणीत आहेत.

पुण्यात माझ्या वयाच्या माणसाला 'हल्ली गड बंद' हे सांगणं किती अवघड आहे ते पुण्याबाहेरच्याला कळायचं नाही. इथे रविवारी सकाळी माणसाची किंमत आतकरवाडी ते पुणे दरवाजा किती मिनिटांत, यावर ठरते. चाळिशीत मी पन्नास मिनिटांत वर असायचो. वर गेल्यावर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, कांदा बुक्कीने फोडलेला, आणि शेजारच्या घोळक्यातल्या अनोळखी माणसाने सहज विचारल्यासारखं विचारायचं, "किती वाजता सुरू केलंत?" हा प्रश्न सहज नसतो. सिंहगड हा सराव, राजगड-तोरणा ही परीक्षा, आणि हरिश्चंद्रगड झाला की माणूस चार वर्षं त्यावर बोलू शकतो. दोन वर्षांपूर्वी एमआरआय झाला, गुडघ्यातली गादी झिजल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, "एक वेळ चढा, पण उतरायचं नाही." मी म्हणालो, "मग वर खोली घेऊन राहू का?" ते हसले, मीही हसलो. घरी येऊन बूट माळ्यावर टाकले, आणि ग्रुपमध्ये मात्र 'सध्या जरा गडबड आहे' एवढंच कळवलं. ती गडबड अजून चालू आहे.

आणि ही? तीस-बत्तीस वर्षं ही पायथ्याशी बसली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात राजगडाला गेलो तेव्हा तिला दिवस गेलेले होते, म्हणून ती गुंजवण्यात एका ओसरीवर थांबली. पुढच्या खेपेला कडेवर मुलगी. त्याच्या पुढच्या खेपेला सगळ्यांचं सामान. मग कधीतरी 'सामानापाशी कुणीतरी हवंच' हा नियम झाला आणि ते कुणीतरी म्हणजे ती, हेही ठरून गेलं. ठरवलं कुणी, ते आता आठवत नाही. तिने तरी ठरवलं नव्हतं. मी संध्याकाळी खाली यायचो, दंड सोललेले, अंगभर धूळ, आणि सांगायला ढीगभर. तिच्याकडेही काही ना काही असायचं. भात पेरण्याआधी तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून राब कसा भाजतात, कुठल्या घरची सून माहेरी गेली ती आलीच नाही, कुठली म्हैस फक्त एकाच माणसाला दूध देते. मी बुटाची नाडी सोडता सोडता 'हो का' म्हणायचो. आणि मित्रांपैकी कुणी 'वहिनी नाही आल्या वर?' असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "हिला झेपत नाही."

म्हणजे हॅवलॉकला मी विचार करून खोटं बोललो असं नाही. वाक्य जिभेवर तयारच होतं.

बोटीत आम्ही नऊ जण. नारिंगी जॅकेटं फुगलेली, प्रत्येक जण आपापल्या गुडघ्याचं, पाठीचं, साखरेचं सांगतोय. मी गप्प. डाव्या हाताला जंगल सरकत होतं. थेट भरतीच्या रेषेपर्यंत उतरलेलं, मधे ना घर ना टपरी. त्या हिरव्याच्या आत कुठेतरी आमचे उरलेले तेरा जण चालत होते, आणि मी पाण्यातून त्यांच्या वाटेचा अंदाज घेत होतो. चढ फार नसावा. पायाखाली ओला पाला असेल. ही पुढच्या फळीवर बसून पाण्यात बोटं बुडवून होती. पाण्याच्या रंगाबद्दल मी लिहिणार नाही. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शेजाऱ्याने पाठवलेले ते फोटो आहेतच. किनाऱ्याजवळ मात्र प्रचंड झाडं मुळांसकट आडवी पडलेली दिसतात, साल गेलेली, मिठाने आणि उन्हाने हाडांसारखी राखाडी झालेली. बोटवाला म्हणाला, "सुनामी का है." २००४. नंतर पोरं त्याच खोडांवर बसून फोटो काढत होती. मीही काढला.

स्नॉर्केलिंग मला येईल असं मी गृहीतच धरलं होतं. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस मी. हिला पोहता येत नाही. पण तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पाण्यात पालथं पडायचं, यात पोहण्याचा संबंध फारसा नाहीच. संबंध आहे तो श्वासाचा. तिथला मुलगा मला सारखा सांगत होता, "अंकल, नाक भूल जाओ. मुँह से. धीरे." मी पाच श्वास घ्यायचो आणि मान वर काढायचो. काचेत पाणी, नाकात पाणी, घशात खारट. परत पालथा, परत वर. चढताना जसं दर वळणावर वर बघून 'अजून किती' करतो तसंच इथे चाललं होतं, आणि इथे पोचायला वर काहीच नव्हतं. हिने काचेत थुंकून ती चोळली, म्हणजे बाष्प धरत नाही हे तिने जेटीवर कुणाला तरी विचारून ठेवलं होतं, आणि तरंगत्या रिंगला धरून ती जी पालथी झाली ती पंचवीस मिनिटांनी उठली. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तिची पाठ बघत होतो. हलत नव्हती. नळीतून येणारा श्वास तेवढा एका लयीत.

बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अहो, आत आवाज येतो."

कसला, तर कुरूम कुरूम. चणे खाल्ल्यासारखा. मुलाने सांगितलं, पोपटमासा. चोचीसारखे दात असतात, त्याने तो पोवळ्याचे खडक खरवडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि खडकाचा चुरा मागून बाहेर टाकतो. त्या पांढऱ्याशुभ्र वाळूतली बरीचशी वाळू म्हणजे हीच. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू घालतो, हे मी नंतर घरी येऊन वाचलं. सगळा ग्रुप ज्या वाळूवर लोळून फोटो काढत होता ती कुठून आली हे हिने मोठ्याने सांगितलं तेव्हा सहकारनगरच्या एक काकू दचकून उठल्याच. मग मीही एकदा हट्टाने मान पाण्यात ठेवली. आवाज आला. समुद्रफुलांच्या बोटांत शिरून बसलेले नारिंगी मासे दिसले, बुरसटलेल्या पडवळासारखी समुद्रकाकडी दिसली. आणि बाकी पुष्कळसं राखाडी, मोडलेलं. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं आणि इथली पोवळी पांढरी पडली. काही सावरली, बरीच नाही. माहितीपत्रकात हा रंग नसतो.

चालणारे पाऊण तासाने आले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहरे असे उजळलेले की मला तो चेहरा आतून ओळखीचा. "मस्त होतं रे! काहीच अवघड नाही. तू यायला हवं होतंस." माझ्या पोटात जे काही झालं त्याला असूयाच म्हणतात. मी विचारलं, "उतार होता का?" एक जण म्हणाला, "थोडा." तेवढ्यावर मी दिवसभर समाधान मानलं.

राधानगरच्या किनाऱ्यावर तिसऱ्या प्रहरीच संध्याकाळ होते. घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाशेजारचा, असा तो प्रकार आहे. पुणे आणि हॅवलॉक यांच्यात एकोणीस रेखांश, म्हणजे जवळजवळ सव्वा तास. पुण्यात पोरं शाळेतून घरी येतात तेव्हा तिथे जानेवारीत सूर्य पाण्याला टेकायला आलेला असतो. सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून रांगेने बसले, नाटकाला बसल्यासारखे. ही पाठ फिरवून ओल्या वाळूत उकिडवी. मला वाटलं शिंपले शोधतेय, म्हणून मी घाईने आठवण करून दिली की इथून शंख-पोवळी काही न्यायचं नसतं, कायदा आहे, विमानतळावर पिशव्या उपसतात. ती म्हणाली, "बसा जरा. हलू नका." मी गुडघा लांब करून, एका बाजूला कलून बसलो. मिनिटभर काही नाही. मग वाळूतल्या छिद्रातून हरभऱ्याएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडात घालायला लागला, तिच्यातलं काय हवं ते खाऊन उरलेल्याची गोळी करून मागे टाकायला लागला. गोळी, गोळी, गोळी. छिद्रापासून बाहेर जाणाऱ्या रेषांत. शेजारी दुसरा. अख्ख्या किनाऱ्यावर ठिपक्यांच्या रांगोळ्या पडल्या होत्या आणि आम्ही सगळे त्या तुडवत सूर्य बघायला आलो होतो. मी हात हलवला की सगळे आत. परत एक मिनिट शांत. भरती आली की हे सगळं पुसतं आणि ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

"तुला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. "कुणी कशाला सांगायला हवं? सकाळपासून बघतेय."

मला त्या क्षणी गुंजवण्याची ती ओसरी आठवली आणि तिथे तिने दिवसभर काय काय बघितलं असेल, त्यातलं मी किती ऐकलं, असं काहीतरी मनात आलं. बोलायलाही तोंड उघडलं. पण तेवढ्यात सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि टूर लीडरने भेळ झाल्याचं जाहीर केलं.

पोर्ट ब्लेअरबद्दल (आता श्री विजय पुरम म्हणायचं, पण रिक्षावाल्यापासून सगळे अजून ब्लेअरच म्हणतात) थोडक्यात उरकतो. सेल्युलर जेलचं मराठी माणसाला नव्याने सांगावं असं माझ्याकडे काही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीपाशी आमच्या ग्रुपने चपला काढल्या, कुणी बोललं नाही. ही फक्त भिंतीला धरून पावलं मोजत गेली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघरापेक्षा थोडीशीच मोठी." तीन मजले चढउतार करून माझा गुडघा संध्याकाळी भाकरीसारखा फुगला, तिने बर्फ आणून दिला, शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे खरेदीला गेले आणि आम्ही दोघं चॅथमची लाकडाची गिरणी बघायला. १८८३ पासूनची. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा खड्डासुद्धा राखून ठेवलाय. पण मला लक्षात राहिला तो पडौक नावाच्या झाडाचा ओंडका: कापल्यावर आतून कुंकवासारखा लाल, आणि त्या भुशाचा वास. माझ्या मते अंदमानात न चढता करण्यासारख्या गोष्टींत ही गिरणी फार वर आहे, आणि सहलीच्या कार्यक्रमात ती बहुधा नसते. परत येताना मी पाकिटातली जुनी लाल वीसची नोट काढून तिला दाखवली. मागचं ते माडांचं आणि समुद्राचं चित्र इथलंच, माउंट हॅरिएटवरून दिसणाऱ्या नॉर्थ बेचं. "वर जायला गाडीरस्ता आहे," मी म्हणालो. "नोटेत दिसतंय की," ती म्हणाली.

नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा नैसर्गिक पूल आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी ही बेटं वसवली, त्यामुळे तिथले लोक त्या दगडी कमानीला हावडा ब्रिज म्हणतात. तिथवर जायला ओल्या, शेवाळलेल्या, भोकाभोकांच्या खडकांवरून चालावं लागतं. चढ नाही, उतार नाही, पण एकेक पाऊल तिरकं. मी दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात कळ आली. यावेळी टूर लीडरने विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. हिने पर्स माझ्या गळ्यात अडकवली, चपला माझ्या हातात दिल्या, गाईडच्या मनगटाला धरलं आणि गेली. तिच्या मागोमाग आणखी चार जणींनी आपापल्या पर्सेस माझ्या स्वाधीन केल्या.

मला नुसतं बसता येत नाही हे मला त्या पाऊण तासात कळलं.

आधी मी सगळ्यांचं सामान ओळीत लावलं. मग मोबाइल काढला, रेंज नव्हती. मग घड्याळ. शहाळी विकणारी बाई शेजारीच होती, तिने एक छाटून दिलं. ते मी तीन घोटांत संपवलं आणि पुन्हा घड्याळ बघितलं. हिने एवढ्या वेळात त्या बाईचं माहेर काढलं असतं. मी बराच वेळ शब्द जुळवून विचारलं, "बारिश कब होती है?" ती माझ्याकडे बघून हसली. तिच्या मागे अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या, एक मुलगा पायाने त्या पालथ्या करत होता. नीलवरची भाजी ब्लेअरला जाते, ते एवढे एवढे भोपळे परसात वेलीवर लोंबत होते. मग तिनेच विचारलं, "मैडम गयी? आप नहीं गये?" आणि मी, लाज वाटते लिहायला, म्हणालो, "सामान है न."

लांबवर ही दिसत होती. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, खाली वाकून गाईड दाखवेल ते डबक्यात बघतेय. मधेच एकदा सरळ झाली आणि हात वर करून हलवला. मी चपला धरलेला हात वर केला.

पुण्याला आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या गडवाल्या ग्रुपचं कुणाच्या तरी घरी जमणं झालं. फोटो टीव्हीवर लावले होते. एलिफंट बीच आला तसं एकाने विचारलं, "हा जंगलातला ट्रेक केलास ना रे?" मी घोट घ्यायला कप उचलला. तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ह्यांना जायचं होतं. मला झेपलं नसतं म्हणून बोटीने आले बिचारे." सगळे हसले. कुणीतरी 'वहिनी, तुम्ही ना' असं म्हणालं. ती आत गेली, भांड्यांचा आवाज आला. कप तसाच तोंडाशी धरून मी बसून राहिलो. तिथल्या तिथे बोललो असतो तर संपलं असतं. त्यानंतर आठवडाभर घरात मी विनाकारण भाजी आणायला जात होतो.

परवाच्या रविवारी मीच म्हणालो, सिंहगडला जाऊन येऊ. ग्रुप वर जाणार होता. आपण आतकरवाडीला बसू, चहा घेऊ, एवढंच. स्वारगेटहून बस पकडली. पायथ्याच्या ज्या टपरीत ही वर्षानुवर्षं थांबायची तिथली बाई हिला बघून भट्टीपुढून उठली. "लई दिसांनी, ताई!" मग मुलाचं लग्न, नवं छप्पर, कोण गेलं, कोण आलं. माझ्याकडे बघून हिला विचारलं, "हे कोण?" तीस वर्षं मी त्या टपरीवरून गेलो असेन. "हे मालक," ही म्हणाली. ग्रुपचे सहा जण काठ्या आपटत आले, बुटांच्या नाड्या आवळल्या. एक जण सवयीने म्हणाला, "वहिनींना काय, खालीच बरं. त्यांना झेपत नाही."

"माझा गुडघा गेलाय," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली. अंदमानातही माझ्यामुळेच बोटीने गेलो. हिला काही झालेलं नाही."

थोडा वेळ भट्टीचाच आवाज. मित्राने 'अरे, मग सांगायचं नाही का' वगैरे केलं. हिने बशीतला चहा शांतपणे संपवला, बशी विसळून ठेवली, पदर कमरेला खोचला. माझ्या हातातली काठी घेतली, उंची जोखून बघितली. "मग मी येते जाऊन," ती म्हणाली आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली. त्या सहा जणांना ते कळायला जरा वेळ लागला. तोवर ती पहिल्या वळणापर्यंत पोचली होती. काठी कशी टेकायची ते तिला माहीत नव्हतं, छत्रीसारखी धरली होती. मी हाक मारून सांगणार होतो. नाही मारली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी घड्याळ बघितलं. साडेसात. टपरीवाल्या बाईने पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सुपडं माझ्यापुढे सरकवलं. "बसलाच हायसा तर एवढ्या सोला."

मी सोलायला घेतल्या. तिसऱ्या शेंगेलाच तिने मला थांबवलं आणि किडके दाणे वेगळ्या वाटीत टाकायला सांगितले.